ठेवणीतली विद्या

जळगावच्या डाळगिरण्यांत तुरीचा दाणा एमरीच्या रोलरवर खरवडला जाऊन, तेल पिऊन, उन्हात वाळून, पाण्याचा हबका घेऊन आणि रात्रभर ढिगात मुरून पुन्हा रोलरकडे येईपर्यंत त्याच्यावर जे संस्कार होतात, त्यांची नावे तेथील कोणताही हमाल सांगेल. परंतु यंदाच्या मालाला तेल किती नि पाणी किती, आणि दाणा पुरता मुरला हे दाताखाली धरून कसे ओळखावे, हे बहुधा एकट्या मिस्त्रीला ठाऊक असते, आणि विचारल्यास तो 'अंदाज असतो' एवढेच सांगतो. हे उत्तर अंशतः खरे आहे, कारण हाताची विद्या शब्दांत सहजी उतरत नाही. उरलेल्या अंशात मात्र धोरण आहे, आणि कामाच्या ठिकाणच्या मनुष्यस्वभावाचा अभ्यासक म्हणून माझा संबंध त्या धोरणाशी येतो.

कॅनडातील कॅथरिन कॉनेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या दडवादडवीचे तीन प्रकार सांगितले: उद्यावर ढकलणे, अज्ञानाचे सोंग घेणे आणि कारण देऊन नाकारणे. आमच्या कचेऱ्यांत तिसऱ्या प्रकारास विशेष प्रतिष्ठा आहे. 'साहेबांची परवानगी आणा' या वाक्याने नकारही देता येतो आणि शिस्तही पाळल्यासारखी दिसते.

नोकरीची शाश्वती नसल्यामुळे माणूस हातचे राखतो, हे माझ्या व्यवसायबंधूंचे लाडके स्पष्टीकरण. अकरा महिन्यांच्या करारावरील माणसापुरते ते मला मान्य आहे. पण याच मुलखातील जुन्या कुलकर्ण्याचे काय? त्याचे वतन पिढीजात होते, त्याला हलवणे मामलेदारासही सोपे नव्हते, तरीही गावच्या जमाबंदीचे मोडी कागद तो घरच्या रुमालांत बांधून ठेवी. १९५० च्या कायद्याने ही वतने खालसा झाली, वृत्ती झाली नाही. (धुळ्यास १९२६ साली ज्यांचा देह पडला आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे जुने कागद जतन करीत आहे, त्या राजवाड्यांनाही घरोघरची दफ्तरे मिळवताना मालकांच्या संशयाशी झुंजावे लागले होते.)

फ्रान्समधील सरकारी तंबाखू कारखान्यांचा मिशेल क्रोझिए यांनी केलेला अभ्यास मला येथे अधिक उपयोगी वाटतो. तेथील दुरुस्ती कामगारांची नोकरी पक्की होती. पण यंत्र बंद पडणे ही कारखान्यातील एकमेव अनिश्चित गोष्ट, आणि ती निस्तरणे केवळ त्यांच्या हाती. यंत्रांचे आराखडे तेथून कधीच नाहीसे झाले होते, आणि नव्या गड्याला सारे तोंडी शिकवले जाई. म्हणजे भाकरीच्या भयाइतकेच, किंबहुना अधिक, कारण हे की आपल्यावाचून अडते ही जाणीव माणसाला सुटत नाही. वरिष्ठांनी मान दिला नाही तरी अडचण त्याला मान मिळवून देते.

याची किंमत दोन्ही पक्षांना पडते. मातेय चेर्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले की दडविणाऱ्यावर सोबत्यांचा अविश्वास बसतो, तेही त्याच्यापासून दडवू लागतात, आणि अखेर त्याचीच नवे सुचण्याची शक्ती उणावते. कचेरीचे नुकसान अधिक गद्य स्वरूपाचे असते: अव्वल कारकून निवृत्त होतो, बारनिशीत आवक क्रमांक सापडतो, पण कागद कोणत्या रुमालात गेला हे त्याच्याबरोबर घरी गेलेले असते, आणि वारसाच्या नोंदीसाठी आलेला शेतकरी तालुक्याला खेटे घालीत राहतो.

सर्व माहिती वहीत लिहून ठेवा, असा हुकूम यावर निघतो. वह्या भरतात, पण अडचणीच्या वेळी लागणारी गोष्ट तेवढी त्यांत नसते. माझा आग्रह वेगळा आहे: निवृत्तीपूर्वी सहा महिने उत्तराधिकारी शेजारी बसवावा, शिकवणे हे कामाच्या मोजणीत धरावे, आणि मिस्त्रीला शागिर्दाच्या हातून चांगल्या उतरलेल्या डाळीवरही मोबदला द्यावा. गिरणीमालकांना यांतले शेवटचे कलम पटते. कचेरीत पहिलेच अडते, कारण एका पदावर दोन वेतने कशी काढायची, ही लेखाशाखेची हरकत आजही कायम आहे.