पदकानंतरची बत्तीस वर्षे

बऱ्हाणपूर,
नागपंचमी

चि. बाळ,

पोलीस भरतीचा अर्ज करावा की आणखी काही काळ तालमीतच काढावा, असे तू विचारले आहेस. उत्तर देण्यापूर्वी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकीकत, तीही विशेषतः पदकानंतरची, तुला कळवावीशी वाटते.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावा क्रमांक आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक, एवढे तुला ठाऊक आहेच. जपानच्या इशीशी झालेली झुंज संपते न संपते तोच, नियमाने मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले, आणि तक्रार मांडावयास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मात्र त्यांच्या कॉलेजच्या ज्या प्राचार्य खर्डेकरांनी या प्रवासासाठी स्वतःचे घर सात हजार रुपयांस गहाण टाकले होते, त्यांचे कर्ज मिरवणुकीने फिटणारे नव्हते. ते फेडण्यासाठी खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, त्यांत स्वतः लांग चढवून उतरले आणि घर सोडवून दिले. मला पदकाहून ही कुस्ती मोठी वाटते.

१९५५ साली ते फौजदार म्हणून पोलीस खात्यात रुजू झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा पहिला पुरुष बढतीची वाट पाहत वर्षानुवर्षे त्याच हुद्द्यावर राहिला, निवृत्तीच्या तोंडावर सहायक आयुक्त झाला, आणि पुढे हक्काच्या निवृत्तिवेतनासाठीही त्याला झगडावे लागले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. सरकारदरबारी कागद सावकाश चालतो हे मान्य, पण इतका?

खेळणाऱ्याच्या पोटाचा हा प्रश्न इतरत्रही उभा राहिला होता; त्यासाठी इंग्लंडच्या उत्तर भागातील रग्बी लीगचा उगम तुला सांगण्याजोगा आहे. खाणीत आणि गिरणीत राबणारे खेळाडू सामन्यासाठी पाळी चुकवीत, त्या दिवसाची मजुरी बुडे, आणि ती भरून देण्यास जुनी संघटना राजी नसे. म्हणून १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लबांनी फारकत घेतली आणि बुडालेल्या रोजाबद्दल सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याची तजवीज केली. आपल्या गावात, जेथे माग थांबला की मीटरवरची मजुरीही थांबते, हे कोणासही समजावून सांगावे लागणार नाही. आज कुस्त्यांच्या दंगलीत जिंकलेल्या पोरास फेटा मिळाला, नारळ मिळाला. उद्या सकाळी तो मागावर उभा राहील आणि आजचा रोज त्याच्या हिशेबातून वजा होईल.

तेव्हा अर्ज मुदतीत भर. तालीम सोडू नकोस. पण नेमणुकीचा हुकूम हाती आला की सरावाची रजा, बढती आणि निवृत्तिवेतन यांविषयीची कलमे सही करण्यापूर्वी वाच, आणि जेथे अर्थ लागणार नाही तेथे कचेरीत जाऊन लेखी विचार.

तुझा,
मामा