चाकाकडून मागे

सातपूरहून नव्या गाड्यांचे ट्रेलर निघाले की रस्ता अडतो आणि नाशिककर हॉर्न वाजवतो. ट्रेलरवर थार असतात, स्कॉर्पिओ असतात. 2002 साली स्कॉर्पिओ इथल्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचं अप्रूप आता कुणाला उरलेलं नाही. मला त्या चकचकीत गाड्यांपेक्षा जुन्या नाशकातल्या भंगाराच्या गल्ल्यांची ओढ जास्त. तिथे याच गाड्यांचे पूर्वज सुटे होऊन पडलेले असतात. ताडपत्रीखाली कमानपाटे, तारेत ओवलेले बेअरिंग, क्राउन-पिनियनच्या ताटातूट झालेल्या जोड्या. पाऊस झाला की सगळ्यावरून तेलाचं इंद्रधनुषी पाणी ओघळतं आणि नव्वद नंबर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास गल्लीभर पसरतो. हा वास ज्याला आवडतो त्याच्याशी माझं लगेच जमतं.

निमित्त माझ्या महिंद्रा एमएम 540 जीपचं. निफाडच्या एका द्राक्षबागेच्या शेडमधून ती आली. आत दोन हजार एकशे बारा सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, आरसी बुकात फोर-व्हील ड्राइव्ह, आणि खाली वाकून पाहावं तर पुढे नुसता पोकळ अ‍ॅक्सल. ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी ट्रान्सफर केस गायब. त्या जागी कुठल्याशा टू-व्हील ड्राइव्ह गाडीचा पाच गिअरचा बॉक्स आणि त्याच्यामागे मधोमध डिफरन्शियल असलेलं मागचं हाउसिंग. यात नवल काही नाही. एकेकाळी पेठ-सुरगाण्याकडे प्रवासी वाहणाऱ्यांपासून बागायतदारांपर्यंत अनेकांनी हेच केलं. पुढच्या चाकांना ताकद कधीमधी लागणार, आणि तिचं ओझं, तिचं डिझेल, तिच्या शाफ्टचे क्रॉस बदलण्याचा खर्च मात्र रोजचा. कुत्सित हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, 2020 साली फक्त फोर-व्हील म्हणून आलेली नवी थारसुद्धा 2023 पासून नुसत्या मागच्या चाकांवर मिळू लागली आणि लोकांनी ती घेतलीच.

आरसीत फोर-व्हील होतं हे माझं नशीब. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आणखी कडक शिक्का मारला. मुळात टू-व्हील असलेल्या गाडीला पुढची चाकं जोडायची हौस असेल तर पान्याआधी आरटीओची पायरी. मला फक्त गेलेलं परत आणायचं होतं.

आता हे परत आणायचं कसं, याबद्दल चार जणांत पाच मतं. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच : इंजिनाला कोणता बॉक्स बसतो? बेल हाउसिंगची भोकं जुळतात का, क्लच प्लेटच्या स्प्लाइन किती, प्रायमरी शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या बेअरिंगमध्ये पोचतं का. महत्त्वाच्याच गोष्टी आहेत, पण सोडवता येण्यासारख्या. अंबडला चांगला लेथवाला गाठला की अ‍ॅडॉप्टर प्लेट होते, बुश होतो, पैसे मोजले की संपलं. आमचे मिस्त्री या चर्चेत कधीच पडले नाहीत. बिडी विझवून ते एवढंच म्हणाले, "भाऊ, आधी हाउसिंग आणा. बॉक्सचं मग बोलू."

या वाक्यात सगळी विद्या आहे. ती उलगडायला थेट 1941च्या विलीज जीपकडे जावं लागतं. गिअरबॉक्सच्या मागे स्पायसर 18 नावाची ट्रान्सफर केस. आत साखळी नाही, नुसते दाते. बॉक्सच्या शेपटीवरचा गिअर मधल्या गिअरला फिरवतो, मधला खालच्या शाफ्टला, आणि त्या शाफ्टच्या एका टोकाला पुढची चाकं, दुसऱ्या टोकाला मागची. हा शाफ्ट मुद्दाम उजवीकडे सरकवलेला, कारण पुढे जाताना इंजिनाचं चेंबर वाटेत येतं, त्याला वळसा हवा. म्हणून पुढचा डिफरन्शियलही उजवीकडे आणि त्याच ओळीत मागचाही. हीच रचना 1940च्या दशकात माझगावात महिंद्रांच्या जोडणीत आली आणि पुढे कितीतरी वर्षं टिकली. अमेरिकेत तो शाफ्ट शेजाऱ्याच्या पायाखालून जायचा, आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आल्यावर तो चालकाच्याच पायाखाली आला. बाकी काही हललं नाही.

म्हणजे ट्रान्सफर केस एकटी येत नाही, खटल्यासकट येते. ती घेतली की तिला चालेल अशा शेपटीचा बॉक्स हवा, टू-व्हीलचा लांब मेन शाफ्ट उपयोगाचा नाही. ती घेतली की माझं मधोमध डिफरन्शियलवालं मागचं हाउसिंगही बाद, नाहीतर जॉइंट तिरका चालणार आणि क्रॉस खाणार. मग फ्रेमवरचं फाउंडेशन, हँडब्रेकची तार, मजल्यातली दोन जादा दांड्यांची भोकं. इंजिनापासून मागे येणारा माणूस दर टप्प्यावर अडतो. चाकापासून मागे येणाऱ्याला बॉक्स शेवटी आपोआप ठरलेला सापडतो.

वाटा बऱ्याच सुचवल्या गेल्या. जिप्सीची केस फार मोहात पाडते. ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी टांगलेली असते, मध्ये एक छोटा शाफ्ट. म्हणजे कुठल्याही बॉक्समागे लावा. पण ती घडली हलक्या पेट्रोल गाडीसाठी, आणि डिझेलचा पहिल्या गिअरमधला हिसका तिच्या दातांनी का सोसावा? स्कॉर्पिओची बटनावर चालणारी केसही पाहिली. तिची मोटर आणि कंट्रोलर वायरिंगसकट कापून कुणीतरी नेलेले. डोकं नसलेलं ते जड धूड मिस्त्रींनी पायानेच बाजूला सारलं.

हाउसिंगची जोडी मिळाली ती एका चाचांच्या गाळ्यात, दोन्ही उजव्या डिफरन्शियलची. दिसायला सख्खी भावंडं. पण विलीजच्या घराण्यात दोन प्रमाणं चालत आली : आठ दातांच्या पिनियनला कुठे एकोणचाळीस दातांचा क्राउन, कुठे त्रेचाळीस. पुढे एक आणि मागे दुसरा लागला तर चिखलात चालून जाईल, डांबरावर चाकं एकमेकांशी भांडून काहीतरी तोडतील. मिस्त्रींनी हाउसिंग विटांवर चढवलं, फ्लँजवर खडूने रेघ मारली आणि दोन्ही ड्रम दोघांना एकदम, एकसारखे, पूर्ण एक फेरा फिरवायला लावले. स्वतः रेघेकडे बघत पुटपुटत मोजू लागले. पाचला जरा कमी भरलं की एकोणचाळीसवाला, साडेपाचच्या जवळ गेलं की त्रेचाळीसवाला. पहिलं हाउसिंग पाचच्या अलीकडे थांबलं. दुसरंही तिथेच. चाचांनी हे बघून भाव वाढवला. साहजिक आहे.

त्यानंतर बॉक्स शोधणं म्हणजे नुसतं फिरणं उरलं. महिंद्राचाच चार गिअरचा केएमटी-90 घ्यायचा हे ठरूनच गेलं होतं. नखाने ग्रीस खरवडून शेपटीच्या स्प्लाइन मोजायच्या, झाकण काढून दातांच्या कडा अंगठ्याने चाचपायच्या. कडा गोल झाली असेल तर पुढच्या गाळ्याकडे. पाचवा गिअर गेला याची हळहळ मित्रांना जास्त. हायवेवर मुंबईला पळायचं असतं तर मी जीप घेतलीच नसती.

गाडी जोडून झाल्यावर सावळघाटाखालच्या एका शेतरस्त्यावर नेली. छोटी दांडी मागे ओढली, मग दुसरी लोमध्ये. अडीचपटीच्या आसपास सावकाश झालेली चाकं काळ्या चिखलात अशी चालली की ब्रेक, क्लच कशालाच पाय लावावा लागेना. परत डांबरावर आल्यावर हायमध्येही खालून एक बारीक गुणगुण येत राहते, कारण स्पायसरमध्ये ताकद हायलाही गिअरांमधूनच जाते, सरळ वाट तिथे नाहीच. काहींना तो दोष वाटतो. मिस्त्री म्हणतात, आवाज बदलला तर सांगा, आहे तो राहू द्या.

स्पीडोमीटर मात्र खोटं बोलतो. त्याची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला लागते आणि आतला छोटा गिअर कुठल्या तरी वेगळ्याच टायरच्या हिशोबाचा निघाला. योग्य दातांचा गिअर चाचांकडे एका डब्यात असणार आहे, इतर शेकडो गिअरांबरोबर. शुक्रवार सोडून कधीही या, म्हणालेत. डबा तुम्हीच चाळायचा, आणि चहा तुमच्याकडून.