राजूरच्या रानातले रात्रीचे राखणदार

अकोले गाव मागे टाकून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि त्यांच्या पायथ्याच्या मुलखात राजूर लागते. डांगाणातले हे बाजाराचे गाव. डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते ते इथेच. पुढे गेले की प्रवरेवर 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि त्यापलीकडे 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. बाहेरचे पाहुणे येतात ते धरण, धबधबे आणि पावसाच्या तोंडावर झाडाझाडांवर लखलखणारे काजवे पाहायला. पण वाचकहो, तुम्ही आम्ही शेतकरी माणसे. तुमचे इकडे येणे झाले, तर दिवस मावळताना एखाद्या भातखाचराच्या बांधावर घटकाभर थांबा आणि मान वर करून पाहा.

पाखरे घरट्याकडे परतलेली असतात. उजेड पुरता विझलेला नसतो. तेवढ्यात काळ्या चिंधीसारखे काहीतरी डोक्यावरून सर्रकन जाते, गिरकी घेते आणि परत येते. ही लहान वटवाघळे. काही भागांत त्यांना पाकोळ्या म्हणतात. वडावर उलटी लटकणारी मोठी वाघळे वेगळी. ती फळे खातात. ही लहान जात मात्र किड्यांवर जगते. आपल्या देशात वटवाघळांच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या किडेच खाणाऱ्या आहेत.

अंधारात त्यांना किडा सापडतो कसा? डोंगरात हाळी दिली की समोरच्या कड्यावरून ती परत येते, हे इथल्या गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. वटवाघूळ तेच करते. आपल्या कानांना ऐकू न येणारा बारीक आवाज ते तोंडाने किंवा नाकाने काढते. तो किड्यावर आपटून परत आला की किडा कुठे आहे, किती मोठा आहे, कोणीकडे निघाला आहे, हे त्याला कळते. एवढेसे हे जनावर, वजन अवघे चार-पाच ग्रॅम. पण एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास किडे फस्त करू शकते. त्यात डास असतात, तुडतुडे असतात आणि रात्री उडणारे पतंगही असतात.

पतंगांचे महत्त्व भातकऱ्याला सांगायला नको. आवणी झाल्यावर रोपाचा गाभा वाळतो, त्याला आपण गाभेमर म्हणतो. पुढे लोंबी पांढरी पडून पळींज होते. हे काम खोडकिड्याच्या अळीचे. पण अळी येते अंड्यातून आणि अंडी घालतो तो रात्रीचा पतंग. अळी एकदा खोडात शिरली की फवाऱ्यालाही दाद देत नाही. तिच्या आईलाच हवेत टिपणारा कोणी असेल, तर तो आपला राखणदारच नव्हे काय?

ही नुसती कल्पना नाही. स्पेन देशात एब्रो नदीच्या मुखाशी मोठी भातशेती आहे. तिथे 1999 च्या सुमारास शेताकडेला लाकडी पेट्या टांगून वटवाघळांना आसरा देण्यास सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत वटवाघळे वाढली आणि खोडकिड्याचा उपद्रव घटला, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. उलट उदाहरण अमेरिकेचे. तिथे 2006 पासून एका बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळे मेली. ज्या भागांत ती गेली, तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे 31 टक्क्यांनी वाढवला, असे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. राखणदार फुकट होता तोवर त्याची किंमत कळली नाही. तो गेल्यावर ती दुकानात मोजावी लागली.

आपल्याकडे त्याचा आसरा जातो तो हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता. कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे आली, तशा आढ्याच्या आणि वाशांच्या फटी गेल्या. ढोली असलेला जुना उंबर किंवा आंबा सरपणाला जातो. अंगणात रात्रभर मोठा दिवा जळतो. भर म्हणून तेल काढण्यासाठी किंवा अपशकुनी समजून वटवाघळे मारणारेही आहेत. त्या तेलाने सांधे बरे होतात, याला काही आधार नाही. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिलू होते. त्यामुळे एक वसाहत मोडली, तर ती भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

मग काय करावे? पहिले म्हणजे ढोलीचे जुने झाड राखावे. वैशाखात कौले शाकारताना आत वटवाघळे दिसली, तर ती पिले मोठी होऊन उडेपर्यंत तेवढा कोपरा सोडावा. अंगणातला दिवा काम झाले की मालवावा. काजव्यांनाही अंधारच लागतो. तिन्हीसांजेला विषारी फवारणी टाळावी.

नवे घर असेल, तर पेटी करून पाहा. दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद अशा दोन खरबरीत फळ्या पाऊण इंचाची फट ठेवून समोरासमोर जोडाव्यात. वरून व बाजूंनी बंद, खालून उघडी. आतल्या बाजूला आडव्या खाचा पाडाव्यात, म्हणजे पायाची पकड बसते. आत रंग किंवा औषध लावू नये. पेटी बारा-पंधरा फूट उंचीवर, भिंतीला किंवा खांबाला, मांजर पोहोचणार नाही अशी बसवावी. सकाळचे ऊन लागावे, दुपारी सावली असावी. राजूरकडे पाऊस दांडगा, म्हणून वळचणीखालची जागा उत्तम. वटवाघळे धरून आणून पेटीत सोडू नयेत, ती राहत नाहीत. ती आपणहून येतात. कधी त्याच वर्षी, कधी दोन-तीन वर्षांनी, कधी येतही नाहीत.

थोडी सावधगिरीही हवी. वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये, पोरांनाही बजावावे. चावले तर जखम साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. केरळात 2018 साली निपा रोगाने माणसे दगावली आणि तो विषाणू फळे खाणाऱ्या वाघळांत राहतो. म्हणून अर्धवट कुरतडलेले फळ खाऊ नये, बाकीची फळेही धुऊन घ्यावीत. पेटीखालची लेंडी उत्तम खत आहे, पण ती पाणी शिंपडून, नाकाला फडके बांधून गोळा करावी. पेटी विहिरीवर किंवा पाण्याच्या टाकीवर टांगू नये.

आणि एक ध्यानात असू द्या. वटवाघूळ सगळी कीड संपवणार नाही. कापणीनंतर धसकटे काढणे, बांध साफ ठेवणे, रोज शेतात फेरी मारणे हे तुमचे काम तुम्हालाच करावे लागेल. पण दिवसा तुम्ही राबता तसे रात्री तुमच्या शेतावर कोणी राबत असेल, तर त्याला घराच्या वळचणीला हातभर जागा द्यायला हरकत नसावी. यंदा कौले उतरवण्याआधी किंवा बांधावरच्या जुन्या उंबराला कुऱ्हाड लावण्याआधी एका संध्याकाळी तिथे उभे राहून पाहा, आतून कोण बाहेर पडते ते.