कपाटातली चार कार्डे

कॅमेऱ्याचे कार्ड घेताना बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, किती जीबीचे? आमच्या घरात चार जातींची कार्डे जमली, आणि आम्हाला दुसराच प्रश्न पडू लागला. हे उद्या वाचायचे कशात?

सर्वांत थोरले भाईजानचे कॉम्पॅक्ट फ्लॅश. सॅनडिस्कने १९९४ साली आणलेले. काडेपेटीएवढे रुंद, पण पातळ आणि दणकट. नाजूक असतो तो कॅमेरा. त्याच्या खाचेत ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरके घातले की एखादी वाकते. म्हणून शादीच्या गर्दीतही भाईजान कार्ड दुसऱ्या कुणाला बदलू देत नसत.

चाचा कुवेतहून आले ते मेमरी स्टिक घेऊन. सोनीचे हे कार्ड १९९८ चे. ते चालायचे मुख्यतः सोनीच्याच वस्तूंत. २०१० मध्ये खुद्द सोनीनेही आपल्या कॅमेऱ्यांत एसडी कार्डाची सोय केली.

एसडी १९९९ चे. सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा या तिघांनी मिळून काढलेले. बाजूला छोटी कळ असते, ती सरकवली की फोटो चुकून पुसले जात नाहीत. मुले असलेल्या घरात ही कळ फार कामाची! साधे एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी त्याहून मोठे. जुने कार्ड नव्या यंत्रात वाचले जाते. नवे जुन्यात जाईलच असे नाही.

राहिले अब्बांचे एक्सडी. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मने ते २००२ साली काढले. पोस्टाच्या तिकिटाएवढे, पण २ जीबीच्या पुढे कधी गेलेच नाही. पुढे दोन्ही कंपन्या एसडीकडे वळल्या. आमचे काम अडले ते याच कार्डापाशी, कारण दादीच्या इंतकालानंतर तिचे फोटो शोधायला निघालो तेव्हा ते फक्त त्यात होते. कागदावर एकही काढलेला नव्हता.

तीन दुकाने फिरलो. कार्ड-रीडर सगळीकडे होते, एक्सडीची खाच कुणाकडेच नव्हती. मनात धास्ती होती. या कार्डांत चित्र विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात राहते, आणि कार्ड वर्षानुवर्षे पडून राहिले की तो भार हळूहळू झिरपतो.

शेवटी अम्मीने पेटीतून अब्बांचा जुना कॅमेराच काढला. त्यात साधे पेन्सिल सेल लागतात, हे नशीब. वायर मिळाली. कॅमेरा थेट संगणकाला जोडला, म्हणजे कॅमेराच रीडर झाला.

बहुतेक फोटो फुफूच्या निकाहचे निघाले. दादी तिघांत होती. दोनांत तिने ओढणी तोंडावर ओढलेली. तिसऱ्यात ती देगजवळ बसून कुणाला तरी रागावते आहे, आणि हसतेही आहे. अब्बांनी तोच मोठा करून आणायला सांगितला.