एका लेथचा प्रवास : सातारा ते सांगली

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी वाचकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. प्रस्तुत प्रवास त्यांपैकी कोणत्याच जातीचा नाही. साताऱ्याहून सांगलीस, सुमारे सव्वाशे किलोमीटरांची वाट. बरोबर देव नाही, देखावा नाही, केवळ एक जुने लेथ-यंत्र. तथापि या एका दिवसाने आमच्या घरास जे शिकविले ते पूर्वीच्या कित्येक यात्रांनी शिकविले नव्हते, म्हणून तो वृत्तान्त येथे देत आहे.

आमचे कुटुंब सांगलीचे. तिघे भाऊ, चूल एक. घरात वकिली झाली, शिक्षकी झाली, पेढीवरची हिशेबनिशी झाली. परंतु लोखंडाशी आमचा संबंध विळी-अडकित्त्यापलीकडे कधी गेला नाही. थोरल्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन पाच वर्षे पुण्यास नोकरी करीत होता. तो गेल्या वर्षी घरी आला आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लहानशी शेड भाड्याने घेऊन स्वतःचे वर्कशॉप काढतो म्हणाला. घरात आठ दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नाही. शेवटी वहिनींनीच आपली मुदतीची ठेव मोडली आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्याच्याबरोबर जा. यंत्रातले तुम्हांला कळत नाही हे ठाऊक आहे. पण व्यवहारातले कळते ना!"

साताऱ्यास एक वर्कशॉप बंद होत होते, तेथील सहा फुटी लेथ सव्वा लाखास ठरला. ज्या वाचकांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्याकरिता सांगावयाचे तर, हा कुंभाराच्या चाकाचा लोखंडी भाऊबंद होय. तेथे फिरत्या मातीस हात लावून आकार देतात, येथे फिरत्या लोखंडास हत्यार लावून. जुने यंत्र कशाला, असे मी विचारले तेव्हा पुतण्याने एक गोष्ट सांगितली, ती लोणची घालणाऱ्या घरास सहज पटावी. ओतीव लोखंडाच्या अंगात ओतकामानंतर ताण राहतात आणि ते हळूहळू सैल होतात. म्हणून पूर्वीचे कारागीर यंत्राचे बेड ओतून काही महिने उन्हापावसात तसेच टाकून ठेवीत व मगच तासावयास घेत. जुना बेड झिजला नसेल तर तो असा मुरलेला असतो, सहसा वाकत नाही.

आता वाहनाचा प्रश्न आला. मोठ्या मालमोटारीचे भाडे दहा हजार आणि लोक ज्यास 'छोटा हत्ती' म्हणतात त्या चिमुकल्या गाडीचे सहा हजार. विकणाराने यंत्राचे वजन "असेल सात-आठशे किलो" असे सांगितले. त्या गाडीचा हौदा सुमारे सात फूट लांब, यंत्र त्यात बसण्याजोगे. व्यवहारातले कळते अशी ज्याची ख्याती, त्या मी चार हजार रुपये वाचविले.

साताऱ्यास सकाळी चेनपुली लावून यंत्र उचलले गेले. सहा हमाल होते. खाली लोखंडी नळ्यांचे रूळ घालून, पहारींनी रेटून त्यांनी ते हौद्यात सरकविले. दोरखंड लीड स्क्रूवर येऊ द्यायचे नाहीत, बेडलाच आवळायचे, हे पुतण्यास ठाऊक होते व त्याने ते नीट केले. परंतु यंत्राची जड बाजू, म्हणजे हेडस्टॉक, शेवटी आत गेल्यामुळे मागच्या फाळक्याशी राहिली, इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. हमालांतील म्हातारा मात्र गाडीच्या पाट्यांकडे वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, मावलं म्हंजी पेललं असं न्हाई." मी हसून त्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवले. ज्ञान मिळाले असता त्याची किंमत चहापाण्यात भागवावी ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे.

अजिंक्यतारा मागे पडला. मी चालकाशेजारी आणि पुतण्या मोटारसायकलवर मागून, असे आम्ही महामार्गाने निघालो. थोड्याच वेळात चालकाचे हात चाकावर पुनःपुन्हा चाचपडू लागले. विचारता म्हणाला, "पुढनं हलकी लागतीय." मागच्या आसामागे बोजा पडला की तराजूच्या पारड्याप्रमाणे पुढची चाके उचलू पाहतात आणि गाडी वळणास नीट ऐकत नाही, हे मला नंतर कळले. त्या वेळी मी बाहेरचा ऊस पाहत होतो.

कराडपर्यंत विघ्न आले नाही. या प्रदेशाचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. पुण्याहून मिरजेस जाणारी जुनी मीटरगेज आगगाडीची वाट डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावर सातारा रोड स्थानकाजवळ धनजीशा कूपर यांचा नांगरांचा व तेलाच्या इंजिनांचा कारखाना उभा राहिला. कराडच्या स्थानकाशी १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला, त्याचे 'प्रभाकर' कंदील घरोघरी लागत. आणि पुढे कुंडल रोड स्थानकाशी किर्लोस्करवाडी वसली. तिन्ही कारखाने नांदत्या शहरात नव्हे, तर स्थानकांच्या आसऱ्याने वाढले. त्या काळी खडीच्या रस्त्यावर बैलगाडीने किती वजन ओढावे यास मर्यादा होती. भट्टीचा कोळसा, कच्चे लोखंड आणि यंत्रे आणावयाची तर रूळ जवळ हवा. ज्यांना जड काम करावयाचे होते त्यांनी प्रथम वाट पाहिली आणि मग जागा.

कराडला आम्ही महामार्ग सोडून शेणोली-ताकारीच्या वाटेस लागलो. दिवस माघाचे, ऊसतोडीचे. ताकारीच्या अलीकडे उतारावर एका शेतातून, दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढणारा ट्रॅक्टर एकाएकी रस्त्यावर आला. चालकाने ब्रेक दाबला. गाडी थांबावयास हवी होती तेथे थांबली नाही. ती तशीच सरकत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. पाठीमागे एक दणका बसला आणि जळक्या रबरासारखा वास आला. खाली उतरून पाहतो तो लेथ चार बोटे पुढे सरकला होता. त्याच्या आणि आमच्या मानांच्या मध्ये केबिनचा एक पत्रा होता, दुसरे काही नव्हते. दोर तुटले असते तर हा लेख लिहावयास मी उरलो नसतो, आणि चालकाच्या घरी काय झाले असते त्याचा विचार करण्याचे धैर्य मला त्या क्षणी झाले नाही.

पलूसच्या अलीकडे रस्त्यालगत एक वजनकाटा होता. पुतण्याने काही न बोलता गाडी त्यावर घ्यावयास सांगितली. चिठ्ठी हाती आली : २,२५० किलो. गाडीच्या कागदांवर एकूण वजनाची मर्यादा १,५५० किलो. गाडी आणि आम्ही दोघे वजा जाता यंत्र भरत होते पावणेतेराशे किलोंच्या आसपास. म्हणजे सुमारे ७०० किलो अधिक. वेग तोच असता वजन दीडपट झाले तर ते थांबविण्याचे ओझेही ब्रेकवर दीडपट पडते. ताकारीच्या उतारावर झाले ते याहून निराळे नव्हते. ओतीव लोखंडाच्या एका घनफुटाचे वजन २०० किलोंवर जाते, एवढे जरी आम्ही ध्यानात घेतले असते तरी "असेल सात-आठशे" या बोलण्यावर विसंबलो नसतो.

कायद्याचा भाग निराळाच. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये, आणि जादा माल उतरविल्याखेरीज वाहन पुढे नेता येत नाही. माझे वाचविलेले चार हजार त्या हिशेबात कोठेच बसत नव्हते.

मी चालकास विचारले, "अहो, तुम्हांला तर ठाऊक होते, मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" तो गाडीच्या चाकाकडे पाहत म्हणाला, "नाही म्हटलं तर भाडं दुसरा नेतो, काका. गाडीचा हप्ता आहे." त्यास उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी जे वाचविले असे समजत होतो ते वस्तुतः वाचलेले नव्हते. ते मी त्या माणसाच्या डोक्यावर ठेवले होते, इतकेच.

पुतण्या म्हणाला, "काका, इथून पुढे हे यंत्र या गाडीतून न्यायचे नाही." फोन करून त्याने पलूसहून मोठी गाडी व एक हायड्रा क्रेन मागविली. ती किर्लोस्करवाडीच्या फाट्याजवळ येणार होती, तेथवर आम्ही गाडी पायी चालणाराच्या गतीने नेली. क्रेन येण्यास दोन तास होते. तेवढ्यात मी स्थानकापर्यंत जाऊन आलो.

ही भूमी आज सांगली जिल्ह्यात मोडते. १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी कुंडल हे औंध संस्थानचे गाव. औंध मात्र आजही सातारा जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग १९०३ साली लोखंडी नांगर, असे त्यांनी केले. लोखंडाने जमिनीत विष कालवेल असे शेतकरी म्हणत. पुढे नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली कारखाना येथे आला. बेळगाव आणि कुंडल रोड ही दोन्ही स्थानके एकाच लोहमार्गावरची. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळून त्यांचे नांगर झाले.

ही कथा आपल्या घरांतून धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु त्या फलाटावर उभा असता मला तिच्यातील दुसरी बाजू दिसली. शिक्षकाची नोकरी सोडणारा तो मनुष्य अविचारी नव्हता. धाडस त्याने आपल्या शिरावर घेतले आणि लोखंडाचे ओझे मात्र जे ते पेलील त्याच्यावरच ठेवले. आम्ही नेमके उलटे केले होते : मुलाच्या धाडसास आठ दिवस घाबरलो, आणि लोखंडाच्या ओझ्याविषयी क्षणभरही विचार केला नाही.

क्रेनने यंत्र उचलले. या वेळी हेडस्टॉक केबिनच्या बाजूस ठेविला, खाली लाकडी ओंडके दिले, चारी अंगांनी साखळ्या व पट्टे आवळले, आणि मोटर व चक काढून निराळे बांधले. क्रेनचे अडीच हजार आणि दुसऱ्या गाडीचे पाच हजार झाले. पहिल्या चालकास त्याचे सहा हजार पुरते दिले. तो अर्धेच घेऊ पाहत होता, परंतु ताकारीच्या उतारावरचा ब्रेक त्याचाच होता. एकूण साडेतेरा हजार. दहांत होणारे काम.

भिलवडी स्थानक, येरळेचा पूल, नांद्रे, माधवनगर असे करीत दिवेलागणीस आम्ही कुपवाडास पोहोचलो. वहिनी शेडच्या दारात उभ्या होत्या. पुतण्याने त्यांना सारे सांगितले, काही लपविले नाही. त्यांनी यंत्रास हळदकुंकू वाहिले, मग माझ्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, त्या गाडीवाल्याला जेवायला तरी बोलवायचे होते."

यंत्र समपातळीत बसवावयास तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पहिला दांडा कातला. मोजला तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा भरला. बेड वाकला नव्हता. वजनकाट्याची चिठ्ठी पुतण्याने शेडमध्ये लेथच्या वर भिंतीस चिकटविली आहे, आणि माल न्यावयास कोणी लहान गाडी घेऊन आला की तो बोलत नाही, फक्त तिच्याकडे बोट दाखवितो. काही गिऱ्हाइके रागावतात. परवा एक रागावून गेला तो दोन दिवसांनी मोठी गाडी घेऊन परत आला.