अंग चोरून

लोकलचा बाक तिघांसाठी असतो. रेल्वेने तो तेवढाच बांधलाय. तरी त्यावर चौघी बसलेल्या मी लहानपणापासून पाहते आहे. चौथीच्या वाट्याला येते ती वीतभर जागा, कधी तर चारच बोटं. एक पाय मधल्या वाटेत रोवायचा, हाताने दांडी धरायची, निम्मं अंग बाकावर, निम्मं अधांतरी. घाटकोपर येईपर्यंत पायाला मुंग्या येतात. तरी डोंबिवलीपर्यंत उभ्याने जाण्यापेक्षा हे सुख मोठं.

१९७० च्या आसपासची गोष्ट. दादरच्या मावशीकडून आई आणि मी परतत होतो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावरच्या एका बाईंनी काही न विचारता मला ओढून मांडीवर घेतलं. त्यांच्या पायाशी फुलांचं गाठोडं होतं आणि लुगड्याला शेवंतीचा वास येत होता. मी ऐसपैस पाय पसरले, तशी आई वरून म्हणाली, ‘‘अंग चोरून बस गं.’’

शाळेत हाच वाक्प्रचार पुन्हा भेटला, तो कामचुकारांसाठी. कामात अंग चोरतो तो आळशी. मी गोंधळले. माझ्या आईच्या तोंडी तर तो शहाणपणाचा धडा होता. आपल्या शेजारी आणखी कुणाला टेकता यावं म्हणून आपलं अंग थोडं कमी करायचं.

१९८४ मध्ये फोर्टात नोकरी लागली आणि या धड्याची रोज उजळणी सुरू झाली. आत शिरल्याबरोबर ‘‘कुठे उतरणार?’’ विचारायचं, उतरणारीची जागा नंबराने धरायची. उभीची पर्स बसलेलीच्या मांडीवर. थांबलेल्या पंख्याच्या जाळीतून कुणीतरी कंगवा घालून पातं ढकलायचं, की सगळ्यांना वारा. आधी बसायला मिळालेल्या बायका ठाणं आलं की उठून उभ्यांना बसवायच्या. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. आणि हे सगळं हसतमुखाने चालतं असंही समजू नका. ‘‘जरा सरका’’ म्हटलं की आधी कपाळावर आठी येते, मग ‘‘कुठे सरकू? खिडकीबाहेर?’’ असं उत्तर येतं, आणि ते बोलता बोलताच बाई सरकलेली असते. मुंबईचा चांगुलपणा असा कुरकुरत येतो. आभार मानायला तोंड उघडावं, तर ती तोवर पालेभाजी निवडायला लागलेली असते.

एकदा मात्र मी सरकले नाही. ऑफिसात वरिष्ठांची बोलणी खाऊन निघाले होते. नशिबाने खिडकी मिळाली. एक बाई ‘‘जरा सरकता का?’’ म्हणत बाकाच्या टोकाशी उभी राहिली. सरकायची सुरुवात खिडकीपासून होते, म्हणजे माझ्यापासून. मी डोळे मिटून घेतले. झोपलेल्या माणसाला कोण उठवणार? कुर्ल्यानंतर पावसाची जोरदार सर आली. तोंडावर पाणी उडायला लागलं, पण सोंग मोडायचं कसं? तेवढ्यात माझ्या डोक्यावरून एक हात आला आणि त्याने शटर खाली ओढलं. डोळे किलकिले करून पाहिलं. तीच होती. झोपलेली बाई भिजू नये, एवढंच तिच्या मनात असणार. त्यानंतर सरकायचा धीर मला झाला नाही. सरकले असते तर सोंग उघडं पडलं असतं. ठाण्याला ती उतरून गेली. खाल्लेल्या बोलण्यांमधलं एक अक्षर आज आठवत नाही. तो हात आठवतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. रात्र झाली तशा आम्ही पाळ्या लावल्या. अर्धा तास बसायचं, मग उठून दुसरीला जागा द्यायची. बाकावर चारच्या पाच झाल्या. मध्यरात्रीच्या सुमाराला रुळांलगतच्या वस्तीतली मुलं कमरेएवढ्या पाण्यातून किटली आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आली. डब्यातल्या कुणी पैसे पुढे केले, तर एक मुलगा वैतागून म्हणाला, ‘‘आधी कप द्या, मागे लोक थांबलेत.’’ त्यांच्या घरांत पाणी शिरलं होतं. घरातल्या भांड्याकुंड्यांचं काय झालं असेल, हे मला चहा पिऊन झाल्यावर सुचलं.

ज्याच्याकडे उरतं तो देतो, अशी माझी समजूत होती. लोकलमध्ये कुणाकडेच काही उरलेलं नसतं. तिघींनाच पुरणाऱ्या बाकावर चौथीसाठी जी जागा निघते, ती बाकातून निघत नाही, तिघींच्या अंगातून निघते.

आता मी निवृत्त आहे आणि गुडघे बोलू लागलेत. परवा ठाण्याला चढले. कानात इअरफोन घातलेली एक मुलगी मोबाइलवरची नजर न काढता सरकली. शेजारची सरकली, तिच्या शेजारचीने नाक मुरडलं आणि तीही सरकली. मी टेकले. पाय वाटेत रोवला, दांडी धरली.

तुम्हालाही उद्या कुणीतरी ‘‘जरा सरका’’ म्हणेल. कुरकुर करायची तर खुशाल करा. पण सरका.