कुंभ्याचे बी

मीरा-भाईंदरमध्ये जुलै उजाडला की झाडे लावणाऱ्यांना तोटा नसतो. बॅनर येतो, टी-शर्ट येतात, शाळेची मुले रांगेत उभी राहतात आणि काशिमीऱ्याकडच्या उतारावर तासाभरात शेकडो रोपे मातीत जातात. वनमहोत्सव कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली सुरू केला. त्याची सांगता आता सेल्फीने होते. मुलांविषयी माझी तक्रार नाही, चिखलात हात घालायला मिळतोय तर घालू देत. पण डोंगराच्या कामाचे वर्ष जुलैत सुरू होत नाही. ते सुरू होते भर उन्हाळ्यात, ऐनाची पंखवाली फळे वाळून गळू लागतात तेव्हा. त्या दिवसांत कॅमेरा घेऊन कुणी फिरकत नाही.

आम्ही जे काही जण बिया वेचत हिंडतो, त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, रात्रपाळी करून थेट येणारी नर्स आहे, दोन कॉलेजची मुले आहेत. इथला म्हणावा असा आमच्यात कुणी नाही. या शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आत होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. त्या वाढीतलेच आम्ही, फ्लॅट घेऊन आलेले. प्रत्येकाच्या बोलण्यात आपापल्या गावचे झाड असते. कुणाचा फणस, कुणाचा कडुनिंब, कुणाची चिंच. खिडकीतून रोज दिसणाऱ्या डोंगरावर काय उगवते, हे मात्र आम्हाला पाड्यावरच्या एका वारली मावशीने शिकवले. पहिल्यांदा कुणीतरी देणगी म्हणून उंदीरमारीची रोपे आणून दिली होती. मावशीने एक उचलून पाहिले आणि खाली ठेवले. "लावा की बाय, जगंल," ती म्हणाली, "पण खायला कोण येणार याचं?"

उंदीरमारीचा दोष तिच्या गुणांतच आहे. भराभर वाढते, गुरे फारशी तोंड लावत नाहीत, मुरमाड जमिनीतही तग धरते. उघडे डोंगर लवकर हिरवे दाखवायचे तर याहून सोपे झाड नाही, म्हणून पुण्याच्या टेकड्यांपासून सगळीकडे ती लावली गेली. दुरून डोंगर हिरवा दिसतो. आत गेले की तिच्याखाली तिचीच पिल्ले आणि एक चमत्कारिक शांतता.

देशी झाड मात्र भाव खाते. बहाव्याची शेंग घ्या. हातभर लांब, काळीभोर, वाळली की काठीसारखी टणक. दगडावर आपटून फोडली की आत नाण्यांच्या चळतीसारखे आडवे पडदे, आणि प्रत्येक कप्प्यात काळ्या चिकट गरात बसलेली एकेक तपकिरी, गुळगुळीत बी. गराला गुळासारखा गोडूस वास असतो आणि बोटांना लागला की दिवसभर जात नाही. ही बी तशीच पेरली तर महिनोन्‌महिने ढिम्म बसते, कारण तिचे कवच पाणी आत येऊ देत नाही. जंगलात ते काम शेंगा खाणाऱ्या जनावरांच्या पोटात होते. आमच्याकडे नर्सबाई पॉलिश पेपरवर एकेक बी घासतात. पळसाचे गणित उलटे. त्याच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते, आणि ती ताजी असतानाच पेरावी लागते. मोहाचेही तसेच, फळ पडले की लगेच. कपाटात जपून ठेवलेले मोहाचे बी म्हणजे कचरा.

माझा जीव कुंभ्यावर. पावसाच्या तोंडावर त्याची हिरवी, चेंडूएवढी फळे खाली पडतात आणि सडू लागतात; तो वास सहन करून आतल्या बिया वेगळ्या कराव्या लागतात. रोप वरून वर्षभर मख्ख दिसते. सगळी कमाई ते जमिनीखाली करत असते. वणव्यात वरचे जळून गेले तरी मुळापासून पुन्हा फुटते. त्याच्या सालीचे तंतू धुमसत राहतात, विझत नाहीत, म्हणून तोड्याच्या बंदुकांची वात त्यांची करीत. इथल्याच चौक गावाजवळच्या धारावी किल्ल्यासाठी चिमाजी आप्पांच्या फौजा पोर्तुगीजांशी झुंजत होत्या, तेव्हा आसपासच्या कुंभ्यांची साल त्या कामी आली असेल का, असे मला उगाच वाटत राहते.

आमच्या डोंगराला पाऊस कमी नाही. जे काही मरते ते पुढच्या आठ कोरड्या महिन्यांत. आधी गवत रोपाच्या डोक्यावरून जाते, मग ते वाळते, मग कुणाची तरी विडी. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली, २०२० च्या फेब्रुवारीत तिथे वृक्षसंमेलन भरले. त्या देवराईलाही आगीने सोडले नाही. म्हणून दिवाळीनंतर विळे घेऊन रोपांभोवतीचे गवत काढायचे, तेच आळ्यात आच्छादन म्हणून दाबायचे, आणि उताराच्या कडेने पट्टा साफ करून जाळरेषा धरायची. हे करताना एक गोष्ट ध्यानात आली. जिथे आग थांबली तिथे आम्ही न लावलेलीच झाडे जास्त वर आली. ऐनाच्या तोडलेल्या खोडाला फुटवे, पक्ष्यांनी टाकलेली उंबर-पिंपरी, दगडाच्या आडोशाला शिवण.

हे सगळे हाताने केल्यावर आमच्याच शहरातल्या डोंगरी गावच्या कारशेडच्या बातम्या वाचवत नाहीत. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा गावांच्या जमिनीवर होणार होती. गावकऱ्यांनी विरोध केला, ती डोंगरीच्या डोंगरावर गेली, आणि तिथल्या बारा हजारांच्या आसपास झाडांवर खुणा पडल्या. मेट्रो मलाही हवी आहे. दहिसर चेकनाक्याला मी आयुष्याचे पुरेसे तास वाहिले आहेत. पण बदल्यात दुसरीकडे झाडे लावू, हे वाक्य इतक्या सहज कसे म्हणता येते? राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांपुढचे झाड तोडायचे तर जितके त्याचे वय तितकी रोपे लावा, असे तो आता म्हणतो. कागदावर हिशेब चोख आहे. साठ वर्षांचा कुंभा गेला, साठ रोपे आली. त्या साठांत कुंभे किती असतील? त्यांचे बी कुणी, कुठल्या झाडाखालून वेचले असेल? चौथ्या उन्हाळ्यात त्यांच्याभोवतीचे गवत कोण कापील? ज्याने एक कुंभा पिशवीत वाढवला आहे, तो हे प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. डोंगरावरच्या या खटाटोपाचा मला दिसणारा मोठा फायदा तोच. झाडे किती जगतील ते डोंगर बघेल, पण शहरात एका झाडाची खरी किंमत ठाऊक असलेली दहा-वीस माणसे तयार झाली, आणि हरकती मागवल्या जातात तेव्हा ती अर्ज घेऊन पालिकेत जाऊन उभी राहतात.

यंदा आम्ही खड्डे निम्मेच खणायचे ठरवले आहे. रोपे फक्त त्यांचीच, जी आपणहून परत येऊ शकत नाहीत, म्हणजे जवळपास ज्यांचे बी देणारे एकही झाड उरलेले नाही. वाचलेल्या पैशांतून पाड्यावरच्या पोरांना जाळरेषेची आणि उन्हाळाभर राखणीची मजुरी द्यायची. हे ऐकून एका देणगीदाराने हात आखडता घेतला. जाळरेषेवर नावाची पाटी कुठे लावणार, हा त्यांचा प्रश्न होता. काकांनी त्यांना मे महिन्यात दुपारी दोन वाजता डोंगरावर यायचे निमंत्रण दिले आहे.